किडनीचं केळवण

नवऱ्याला किडनी द्यायचं ठरलं आणि माझी केळवणं सुरू झाली.

लग्नाआधी नवरीला घरोघरी जेवायला बोलावतात, अगदी तसं. फरक इतकाच की नवरीला साडीही मिळते, मला नुसतं जेवण मिळालं. पहिला मान समोरच्या वहिनींनी घेतला. आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातली, कुणी धुळ्याकडचं, कुणी नंदुरबारकडचं, आणि सगळी सुरतेत कापडाच्या मागे आलेली. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे एका घरातली बातमी दुसऱ्या घरात फोडणीच्या वासाबरोबरच पोचते. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही. ऑपरेशननंतर काय खाता येईल, काय माहीत!"

"वहिनी, किडनी काढणार आहेत, दात नाही," मी म्हटलं. गेले मात्र.

नवऱ्याचं दुखणं बीपीचं. बरीच वर्षं अंगात होतं, कुणी मोजलं नव्हतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते रंगाईच्या मशीनवर होते. पाय सुजायचे तर आम्ही म्हणायचो, उभं राहून सुजले. मोजलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. मग डायलिसिस. आठवड्यातून तीनदा दवाखाना आणि एरवी पाण्याचा घोट मोजून प्यायचा. त्यात हातावरची जी शीर डायलिसिससाठी तयार केली होती ती सारखी बंद पडायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर आता वेळ घालवू नका. दिराला साखर. सासूबाईंचं वय झालेलं. माझं रक्त जुळलं. विषय संपला. लोक विचारतात, मन कसं तयार झालं? मन तयार करायला वेळच नव्हता. मी त्याच मिलमध्ये साड्या तपासणाऱ्या बायांवर देखरेख करते. सकाळी ट्रकभर माल येतो आणि संध्याकाळी जायचा असतो. ज्याला जे करायचं असतं ते तो करून टाकतो.

तर केळवणं. वहिनींकडे मटण झालं, काळ्या मसाल्याचं, वर बोटभर तर्री. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या काकूंकडे कलेजी. तिसऱ्या घरी पायाचा रस्सा, "हाडं भरून येतात" म्हणून. माझी हाडं कुणी मागितली नव्हती, पण कोण ऐकणार? जिथे मटण नव्हतं तिथे उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर तुपाची धार. बारडोलीची नणंद दर रविवारी येताना उसाचा ताजा रस घेऊन यायची, बर्फ घालून, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. तिच्या भावाला तो चालत नव्हता, म्हणून त्याच्या वाटणीचाही मीच प्यायची.

नवरा पाटाशी बसून बघायचा. त्याच्या ताटात पाण्यात उकळून निथळलेली भाजी आणि बिनमिठाची पोळी.

"आयुष्यभर माझं डोकं खाल्लंस," ते म्हणाले, "आता माझ्या नावावर गल्ली खातेयस."

"किडनी परत घेऊ का?"

"अजून दिली कुठे आहेस? खा, खा. माल चांगला आला पाहिजे."

सगळ्यांवर कडी केली सासूबाईंनी. त्या स्वतः बाजारात गेल्या, खाटकाशी भांडल्या आणि बोकडाचे गुर्दे आणले. कांद्यावर परतून, वर कोथिंबीर घालून ताटली माझ्यापुढे सरकवली. "खाय माय. एक देवानी शे, तं दोन खाय."

एक द्यायची आहे तर दोन खा. यात चूक काढायला मला काही सापडलं नाही. गल्लीतही कुणाला सापडलं नाही. उलट सगळ्या बाया कपाळावर हात मारून म्हणाल्या, अगं बाई, हे आम्हाला कसं सुचलं नाही! त्यानंतर ज्या घरी जावं तिथे गुर्दा. खाटकाने सासूबाईंना विचारलं म्हणे, मावशी, तुमच्याकडे कसलं लग्न आहे?

मी जाड झाले. ब्लाउजच्या बाह्या रुतायला लागल्या. मिलमधल्या बाया म्हणायच्या, ताई, किडनी द्यायला निघाल्या की दुसरी उगवायला?

अशा भरल्या पोटाने मी देणाऱ्याच्या तपासण्यांना गेले. घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्याच तपासण्या जास्त असतात, हे मला तिथे कळलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी. मी नवी साडी तपासावी तसं मला उलटसुलट करून बघितलं. मग डॉक्टरबेननी बोलावलं. त्या गुजराती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला फटकळ. आमचं बोलणं अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत चालायचं.

"बेन, तुमचं युरिक ॲसिड बरंच वर आहे."

"म्हणजे काय?"

"शरीरातला एक कचरा. खाण्यातूनही येतो, आतूनही तयार होतो. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. तुमच्यात तो साचलाय. आणि बीपीही आज जरा वर आलंय."

मला वाटलं, गोळी देतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, किडनीच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. युरिक ॲसिड बरीच वर्षं वर असलेल्या काही माणसांत त्या वाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या, भोक अरुंद झालेलं दिसतं. दोन किडन्या असतात तोवर भागतं. एक काढली की उरलेलीला जादा काम उचलावं लागतं, आणि वाहिन्या खराब असतील तर तिला ते नीट उचलता येत नाही. "वरून सगळं चांगलं दिसतं," त्या म्हणाल्या, "रक्तातलं क्रिएटिनिन चांगलं, सोनोग्राफी चांगली. पण आत काय आहे ते आम्हाला बघावं लागेल. आत बिघाड वाटला तर मी तुमची किडनी घेणार नाही."

मला लगेच कळलं. मिलच्या बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसतो. बाहेरून नळी दणकट दिसते, वाफही येत असते. मालाची घाई झाली आणि जोर लावला की मग ती बोलते.

"नाही घेतली तर ह्यांचं काय?"

"दुसरं कुणी शोधावं लागेल. नाहीतर मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी नाव लावून थांबायचं."

दुसरं कुणी नव्हतं. आणि ह्यांच्या हातातली शीर थांबायला तयार नव्हती. बाहेर बाकावर नवरा बसला होता, दाराकडे डोळे लावून, आणि मी काचेतून त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग डॉक्टरबेननी दार लावून घेतलं. "आता एक विचारते. हे प्रत्येक देणाऱ्याला एकटं असताना विचारावं लागतं. खरं सांगा, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे?"

"आहे," मी म्हटलं.

त्या एकदम पुढे सरकल्या. "कसली?"

"जेवायची."

"शुं?"

मी सांगायला लागले. मटण, पाया, कलेजी, कळण्याची भाकरी. त्या ऐकत होत्या. उसाच्या रसाला त्यांनी भुवई उचलली. गुर्द्यांपाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. कुणाचे गुर्दे?"

"बोकडाचे. एक द्यायची म्हणून दोन खायचे. काही दिवशी चार."

त्या आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात सोडून हसल्या. चष्मा काढून पुसला. परत घातला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काढला. नर्स आत डोकावली. "बेन," त्या शेवटी म्हणाल्या, "जगात युरिक ॲसिड वाढवायला जे जे खाता येतं ते सगळं तुमच्या गल्लीने तुम्हाला खायला घातलंय. मीही एवढी नेमकी यादी दिली नसती."

मीही हसले. पण त्या लगेच सरळ झाल्या. "कदाचित हे सगळं जेवणाचं असेल. कदाचित नसेल, तुमचं आधीपासूनच वर असेल. आधी कधी तपासलं होतं?"

कशाला तपासते? आजारी नवरा होता, मी नव्हते.

महिन्याने परत या म्हणाल्या. तोवर हे सगळं बंद, पाणी भरपूर. आणि मधल्या काळात डोळ्यांचे पडदे, चोवीस तासांचं बीपी, चोवीस तासांची लघवी. बारीक वाहिन्यांचा बिघाड असला तर डोळ्यांत, लघवीत आणि बीपीत त्याची चाहूल लागते.

घरी रिक्षात मी सगळं नवऱ्याला सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग राहू दे. एकाच्या दोन गेल्या तेवढ्या पुरे."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"माझ्यासाठीच चाललंय ना?"

"तुम्ही माल घेणारे. द्यायचा की नाही ते तपासणारा ठरवतो. गप्प बसा."

उधन्याच्या पुलावर त्यांनी माझी पिशवी उगाच आपल्या मांडीवर घेतली.

आता गल्लीला सांगायचं होतं. आमच्याकडे जेवायला नाही म्हणणं म्हणजे भांडण. केळवणाला नाही म्हणणं म्हणजे तीन पिढ्यांचं भांडण. मी एकेका घरी जाऊन समजावत बसले असते तर प्रत्येक घरी निदान चहा आणि शेव तरी खावी लागली असती. म्हणून सगळ्यांना वहिनींच्या अंगणात बोलावलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं: तुमच्या जेवणाने माझं रक्त बिघडलंय, असंच राहिलं तर ह्यांना किडनी मिळणार नाही.

पहिल्या बोलल्या सासूबाई. "डागदरले काय समजस?"

"आई, कापणार तीच आहे."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे आम्हीच..." काकू म्हणाल्या, मी कलेजी एकदाच दिली, पाया तिने दिला. पायावालीने म्हटलं, पाया देऊन आठवडा झाला, गुर्दा कुणी काढला? सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी आकाशाकडे बघितलं. कोण जास्त दोषी यावर बोलणं इतकं रंगलं की शेवटी मलाच ओरडावं लागलं, "अहो, मी अजून जिवंत आहे!"

"मग खायचं तरी काय?" वहिनींनी विचारलं.

"दुधी. गिलकं. ताक. पाणी."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं, चला, सुटले. पण मी आमच्या गल्लीला ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून केळवणं पुन्हा सुरू झाली, दुधीची. भरलेला दुधी, ताकातला दुधी, दुधीचं भरीत. भरीत म्हणजे वांग्याचं, हे मानणाऱ्या बायांनी माझ्यासाठी दुधी निखाऱ्यावर भाजला. काकूंनी तर दुधीचे मांडे करून बघितले, ते खापरालाच चिकटले, आणि त्यांनी खापरासकट पाठवले. ज्या घरासमोरून जाईन तिथून हाक यायची, "ताई, पाणी!" आणि मला उभं करून तांब्या रिकामा करायला लावायच्या. नवरा ओट्यावर बसून हे बघायचा. त्याला दिवसाला जेवढं पाणी चालायचं तेवढं मी भाजीवाल्यापर्यंत जाऊन येईतो प्यायची. "माझ्याही वाटणीचं पी," ते म्हणायचे, "सवय असू दे आतल्या किडनीला."

बीपीचं यंत्र दंडाला बांधून मी मिलमध्ये गेले. ते दर थोड्या वेळाने आपोआप फुगतं आणि करकचून दंड आवळतं. ते फुगलं की हात स्थिर ठेवायचा आणि बोलायचं नाही. माझ्या हाताखालच्या बायांना हे कळायला वेळ लागला नाही. यंत्राचा आवाज आला की सगळ्या पटापटा सुट्टी मागायच्या. मला बोलता येत नाही म्हणजे मंजूर. दुपारपर्यंत निम्म्या बाया दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीवर होत्या.

लघवी गोळा करायला दवाखान्याने पांढरा कॅन दिला होता. रविवार होता म्हणून तोच दिवस धरला. तो कॅन मी मोरीत सावलीत ठेवला. दुपारी बारडोलीची नणंद आली, पांढरा कॅन घेऊन. तिला नव्या बंदीची कुणी बातमी दिली नव्हती. मी झोपले होते. तिने बघितलं की घरात मोरी थंड आहे, आणि आपला कॅन तिथे ठेवला. मग सासूबाईंना भेटायला गावाकडचे दोन पाहुणे आले.

मला जाग आली ती नवऱ्याच्या ओरडण्याने. डायलिसिसच्या माणसात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. "ओतू नकोस! आई! ओतू नकोस!"

मी धावत बाहेर आले. सासूबाईंच्या एका हातात कॅन, दुसऱ्यात स्टीलचा पेला, पाहुणे हात पुढे करून बसलेले. कॅन रसाचाच होता. पण ते वास घेऊन ठरवेपर्यंत पाहुणे उठून चपला घालत होते. नणंद भिंतीला टेकून खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय झालं, घरचंच होतं ना! नवरा पोट धरून लोळत होता. इतक्या दिवसांत त्याला तसं हसताना मी बघितलं नव्हतं, आणि तेवढा वेळ मी स्वतःचं हसणं थांबवून त्यालाच बघत राहिले.

महिना झाला. रक्त दिलं. डॉक्टरबेनच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मी रोज हजारो मीटर कापडातून डाग शोधून काढते, पण स्वतःत डाग निघाला तर काय? नवऱ्याच्या हाताला आदल्या दिवसाची पट्टी होती. शीर पुन्हा बंद पडली होती, आणि डायलिसिस मानेतल्या नळीतून झालं होतं.

"या बेन," आतून हाक आली.

युरिक ॲसिड उतरलं होतं. अगदी तळाला नाही, पण रेषेच्या आत. लघवीत प्रथिन जात नव्हतं. डोळ्यांचे पडदे स्वच्छ. बीपीच्या आलेखावर डॉक्टरबेननी एकाच जागी बोट ठेवलं. दिवसभर सपाट आणि संध्याकाळी एक उंच टोक. "इथे काय झालं?"

"सासूबाई," मी म्हटलं.

"ते आम्ही धरत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूने हो आहे."

बाकीच्या डॉक्टरांनीही होकार दिला. कागदपत्रं झाली आणि ऑपरेशनही झालं. मला त्यातलं काहीच आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत कुणी इस्त्री ठेवल्यासारखं दुखत होतं, आणि मी पहिला प्रश्न विचारला, "चालू झाली का?"

नर्स म्हणाली, "टेबलावरच."

नवी किडनी जोडली की ती लघवी करायला लागते का, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ह्यांना वर्षभर जवळजवळ होतच नव्हती. सासूबाई खाली दवाखान्याच्या आवारात बसल्या होत्या. त्यांनी गल्लीत फोन लावला आणि ज्या शब्दाचा त्या पुरुषांसमोर कधी उच्चार करत नाहीत तो शब्द आवारभर ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. पलीकडे वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला होता. टाळ्या शेजारी बसलेल्या माझ्या दिरालाही ऐकू आल्या. नंतर दर तासाला फोन येत होता, किती झाली? पिशवी भरली? दुसरी लावली? कुणाच्या पोराचा दहावीचा निकालसुद्धा आमच्या गल्लीने इतका आवडीने ऐकलेला नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरबेन माझ्या खाटेपाशी आल्या. ऑपरेशनच्या वेळी किडनीचा सुईएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. "आत बघितलं," त्या म्हणाल्या. "बहुतेक वाहिन्या चांगल्या आहेत. एक-दोन ठिकाणी भिंत थोडी जाड आहे. तुमच्या वयाला दिसते अशी. तुमच्या नवऱ्याचं त्याने अडणार नाही."

"आणि माझ्या आतल्या दुसरीत?"

"तशीच असणार. जुळ्या आहेत." त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. "म्हणून तुम्हाला सोडणार नाही. मीठ कमी, पाणी पोटभर, दुखलं म्हणून दुकानातून गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि दरवर्षी माझ्यासमोर बसायचं. नवऱ्याला आणता म्हणून नाही. स्वतःसाठी."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी भिंतीकडे मान वळवली. नर्सने विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, पाणी द्या.

पहिल्या वर्षाच्या तपासणीला नवरा बरोबर आला. तोवर ते मिलमध्ये परत लागले होते, मशीनवर नाही, स्टोअरमध्ये. गोळ्यांनी भूक वाढून गाल टपोरे झालेले. बाकावर बसून ते पाय हलवत होते आणि मला सारखं विचारत होते, पाणी प्यालीस का, सकाळी काय खाल्लंस, बीपी मोजलंस का.

"तपासणी माझी आहे," मी म्हटलं. "तुम्हाला कशाची धडधड?"

"मला भीती वाटते," ते म्हणाले, "तुझी बिघडली तर तू माझी परत मागशील."

डॉक्टरबेननी कागद बघितला. युरिक ॲसिड ऑपरेशनच्या वेळेपेक्षा जरा वर. एका किडनीने काम करायचं तर तेवढं होतंच, म्हणाल्या. क्रिएटिनिन ऑपरेशननंतर स्थिरावलं होतं तिथेच. उरलेली किडनी जरा मोठी झालीय आणि निम्म्याहून बरंच जास्त काम करतेय. "छान चाललंय. पुढच्या वर्षी या."

बाहेर येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि तोंडावरून हात फिरवला.

"म्हणजे माझी मला राहिली?"

"यंदापुरती."

आम्ही दोघं एवढे हसलो की वॉचमन आला आणि म्हणाला, काका, हा दवाखाना आहे. नवरा त्याला म्हणाला, "माहीत आहे भाऊ. आता जरा थांब, मला जाऊन यायचंय," आणि वाटेतल्या प्रत्येकाला बाजूला सारत, ऐटीत, लघवीला गेला.